चार नंबरच्या ढोलीचे तक्ते

कंपाउंडर कुणावरही चटकन विश्वास ठेवत नसत. बत्तीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीमागे उभं राहून त्यांनी माणसं पाहिली होती. खोकला नसताना खोकून दाखवणारी, बाटली हरवली म्हणून दुसरी मागणारी, चिठ्ठीवरच्या दोनापुढे हळूच शून्य काढून वीस करणारी. त्यामुळे दूध घेताना ते माप पाहत, फोडणीला टाकायच्या आधी तेल हुंगत, आणि बायको म्हणे की आरशात तोंड पाहिलं तरी हे आधी ओळखपत्र मागतील.

दवाखाना नव्या इमारतीत गेला तेव्हा जुन्या इमारतीची मागची खोली धनेश पक्ष्यांच्या राखण मंडळाला मिळाली, आणि तिथल्या लोखंडी कपाटासकट निवृत्त कंपाउंडरही मंडळाला मिळाले. खोलीला अजून स्पिरिटचा वास यायचा. वजनकाटा कोपऱ्यात तसाच होता. ज्या खणांत गोळ्यांचे डबे असत तिथे आता ढोल्यांचे तक्ते होते. एकूण ढोल्या अकरा, आणि प्रत्येकीचा एक खण.

हे सगळं उभं केलं होतं पक्षीडॉक्टरने. ही बाई चार वर्षांपूर्वी आली तेव्हा लोक दुखणारे गुडघे घेऊन तिच्या दारात गेले होते. ही डॉक्टर पक्ष्यांची आहे आणि तीही औषध देणारी नव्हे, हे कळल्यावर हिरमुसून परतले होते. पण बाई चिवट निघाली. लाकडाच्या वखारीच्या वर जे जंगल सुरू होतं त्यात धनेश उरले होते थोडेच. या पक्ष्याची रीत अशी की मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखल-विष्ठेने तोंड आतून लिंपून घेते. बोटभर रुंद फट तेवढी ठेवते. मग पिल्लू मोठं होईपर्यंत नराने फळं आणायची आणि त्या फटीतून तिला भरवायची. नर मेला की आतली दोघं गेलीच म्हणायची. कोणत्या झाडाला ढोली आहे हे पक्कं ठाऊक होतं ते पूर्वी शिकार करणाऱ्यांना. बाईने त्यांनाच राखायला बसवलं. झाडापासून थोड्या अंतरावर फांद्यापानांचं लपण करायचं, त्यात बसायचं, नर किती वाजता आला आणि काय घेऊन आला ते तक्त्यावर लिहायचं. आठवड्याचे तक्ते कंपाउंडरांकडे यायचे. शिवाय बाईने तीन नरांच्या पाठीवर पट्ट्याने बांधलेलं छोटं यंत्र चढवलं होतं. बाईच्या रेडिओवर येणाऱ्या त्याच्या आवाजावरून पक्षी कुठवर हिंडतो ते कळे.

चार नंबरची ढोली राखत होता छर्रा. छर्रा म्हणजे कंपाउंडरांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. नाव पडलं ते बंदुकीमुळे. बंदूक त्याने मंडळ निघालं त्या वर्षी जंगल खात्यात जमा केली, पण नाव काही जमा झालं नाही. कंपाउंडरांचं आणि त्याचं कधी फारसं जमलं नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने सायकल मागून नेली होती ती घंटी नसलेली परत आली होती. घंटी आधीपासूनच नव्हती असं तो आजही म्हणत असे.

तर त्या वर्षी, हंगाम निम्म्याच्या पुढे गेल्यावर, चार नंबरचे तक्ते पाहताना कंपाउंडरांच्या मनात पाल चुकचुकली.

आधीच्या तक्त्यांत नर दिवसातून सात-आठदा यायचा. पावणेसात, सव्वाआठ, मग एकदम अकरा वाजून पाच मिनिटं. कधी तीन फळं, कधी दहा, कधी नुसताच येऊन बसून गेला. बारा तारखेपासून हे थांबलं होतं. पहिल्या दीड दिवसात एकही फळ नव्हतं, आणि मग नर रोज दोनदाच येत होता, सकाळी सातच्या आसपास आणि संध्याकाळी पाचच्या आसपास, आणि येताना तीस-तीस, चाळीस-चाळीस फळं आणत होता. कंपाउंडरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर. हा पक्षी होता की औषधाचा डोस?

त्यांनी बाईच्या यंत्रांची वही काढली. चार नंबरच्या नराचा आवाज बारा तारखेलाच बंद पडला होता. समोर बाईने पेन्सिलीने ‘बॅटरी?’ असं लिहून ठेवलं होतं.

घरी त्यांनी बायकोपुढे विषय काढला. ती म्हणाली, नरालाही कामं असतील, दोनदा येत असेल.  पण दुसऱ्या दिवशी वखारीतला करवत्या भेटला, आणि कंपाउंडरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. करवत्या कुणीतरी विचारण्याचीच वाट पाहत होता. त्याने सांगितलं की बारा की तेरा तारखेला छर्रा वरून उतरताना त्याने पाहिला. उघडाच होता. सदरा काढून त्यात काहीतरी गुंडाळलं होतं. घरी जाऊन कुदळ घेतली आणि पुन्हा वर गेला. ‘मी म्हटलं, आपल्याला काय करायचंय,’ करवत्या म्हणाला, पण ज्या अर्थी तारीख त्याने ध्यानात ठेवली होती त्या अर्थी त्याला बरंच काही करायचं होतं.

दोन महिन्यांपूर्वी रंगीत काचेचा चष्मा लावलेला एक माणूस गावात धनेशाच्या चोचीची चौकशी करून गेला होता. शोभेची वस्तू म्हणून चोचीला गिऱ्हाईक असतं. सगळ्यांनी त्याला हाकललं होतं. सगळ्यांनी म्हणजे ज्यांच्याशी तो चारचौघांत बोलला त्यांनी. एकेकट्याला गाठून तो काय बोलला असेल, ते कोण सांगणार?

कंपाउंडर शिडी मागायच्या निमित्ताने मेहुण्याच्या घरी गेले. छर्रा ओट्यावर बसून एका लांबलचक बांबूचं टोक चिरत होता. बांबू नवा होता, आणि दारात मावणार नाही एवढा लांब. कोपऱ्यात कुदळ होती. तिला लागलेली तांबडी माती वाळली होती. वखारीच्या खाली तांबडी माती कुठेच नाही. कंपाउंडरांनी शिडीबद्दल बोलून घेतलं, हवेबद्दल बोलून घेतलं, आणि मग विचारलं की चार नंबरचा नर येतोय ना नीट.

छर्र्याने मान वर केली नाही. ‘चार नंबरला उपाशी कुणी नाही, भाऊजी,’ तो म्हणाला.

बत्तीस वर्षांत कंपाउंडरांनी हे उत्तर हजारदा ऐकलं होतं. गोळ्या घेतल्या का विचारलं की माणूस म्हणतो, आता बरं वाटतंय.

ते तडक पक्षीडॉक्टरकडे गेले. बाई खिडकीशी बसून पंखांची मापं उतरवत होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मामा असं करणार नाहीत, काका.’ गावात सगळेच तिचे मामा आणि काका होते, पण छर्र्याला मामा म्हणताना तिचा आवाज निराळा व्हायचा हे कंपाउंडरांनी पूर्वीच टिपलं होतं. पहिल्या वर्षी ती तापाने फणफणली तेव्हा तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात उतरवलं ते त्यानेच. चार नंबरच्या नराला यंत्र बांधताना पक्षी धरून बसला तोही तोच. कंपाउंडरांनी टेबलावर तक्ते मांडले, बारा तारखेच्या आधीचे डावीकडे, नंतरचे उजवीकडे, आणि मध्ये यंत्राची वही. बाई बराच वेळ उजवीकडचे कागद पाहत राहिली. मग तिने मापांची पट्टी खाली ठेवली.

बैठक संध्याकाळी दवाखान्याच्या खोलीतच झाली. राखणदार बाकांवर बसले, काही वजनकाट्याला टेकून उभे राहिले. कंपाउंडरांनी तारखा वाचून दाखवल्या. मेहुण्याचं नाव घेताना त्यांनी आवाज चढवला नाही की उतरवला नाही, आणि याबद्दल त्यांना मनातून थोडं बरंही वाटलं. करवत्या मंडळाचा नव्हता, पण दारात उभा होता. कुणीतरी विचारलं, छर्र्या, बारा तारखेनंतर नर तू डोळ्यांनी पाहिलास का, एवढंच सांग. छर्र्याने बाईकडे पाहिलं. बाई त्याच्याकडेच पाहत होती. त्याने नजर खाली वळवली.

‘तक्त्यात लिहिलंय तेवढं ढोलीत पोचलंय,’ तो म्हणाला. याहून जास्त काही बोलायला तो तयार होईना. शेवटी ठरलं की चौकशी होईपर्यंत त्याने त्या बाजूला फिरकायचं नाही. तो उठला आणि विचारलं की उद्या सकाळी कोण बसणार. कंपाउंडर म्हणाले, मी.

‘सातच्या आत जा,’ असं म्हणून तो गेला.

घरी बायकोने ताट वाढलं ते टेबलावर आदळलंच. ‘माझ्या भावाला चारचौघांत चोर ठरवून आलात,’ ती म्हणाली. कंपाउंडर म्हणाले की चोर कुणी म्हटलेलं नाही, तारखा वाचल्या फक्त. ती पाठ फिरवून भांडी घासत राहिली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती, हे त्यांच्या लक्षात आलं.

सकाळी सातच्या आत कंपाउंडर लपणात जाऊन बसले. समोर झाडाच्या खोडावर, दोन माणसांची उंची चारदा मोजावी एवढ्यावर ढोली होती. मातकट लिंपणातून उभी फट दिसत होती, आणि त्या फटीतून पिवळसर चोचीचं टोक बाहेर आलेलं होतं. ते हलत नव्हतं. सात वाजले, आठ वाजले, नर आला नाही. कंपाउंडरांनी तक्त्यावर ठळक शून्य काढलं. नऊ, दहा. आणखी शून्यं. पुरावा जमत होता, आणि खरं सांगायचं तर सकाळभर त्यांना आपल्या हुशारीचं कौतुकच वाटत होतं.

अकरानंतर ढोलीतून पिल्लाचा आवाज यायला लागला. चिरका, न थांबणारा. मादीची चोच आत जाई, पुन्हा फटीत येई. जवळपास कुठेही पंखांचा आवाज झाला की चोच थोडी पुढे सरके. दुपारी आवाज बारीक झाला. शून्यं काढता काढता कंपाउंडरांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. नर बारा तारखेला मेला असं धरलं, तर आज तीन तारीख. म्हणजे बावीस दिवस. पिल्लाला घेऊन बसलेली मादी बावीस दिवस उपाशी जगत नाही. मग ही जिवंत कशी?

ते लपणातून बाहेर आले आणि झाडाखाली गेले. ढोलीच्या बरोबर खाली विष्ठेचा आणि बियांचा ढीग असतो. त्यावरून बाई पक्ष्याने काय खाल्लं ते ओळखायची. ढीग ताजा होता. उंबराच्या बारीक बिया होत्या, जांभळट साली होत्या, आणि मिरीएवढ्या काळ्या, सुरकुतलेल्या बिया होत्या. खूप होत्या. कंपाउंडरांनी एक उचलून बोटांत चुरली. पपई. जंगलात पपई नव्हती. वखारीपासून वर एकही झाड नव्हतं. गावात तीन होती, आणि त्यांतलं एक त्यांच्या स्वतःच्या मागच्या अंगणात होतं. त्यावरच्या पपया गेले पंधरा दिवस नाहीशा होत होत्या म्हणून त्यांनी शेजाऱ्याशी बोलणं सोडलं होतं.

संध्याकाळी पाचपर्यंत ते बसले. पाच वाजताही कुणी आलं नाही. चोचीचं टोक फटीत तसंच होतं.

घरी येऊन त्यांनी बायकोला पपयांचं विचारलं. ‘त्याला दिल्या,’ ती म्हणाली. ‘सहा-सात झाल्या असतील.’ कशाला दिल्या असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘मी विचारलं नाही. भावाने मागितल्या, दिल्या.’

कंपाउंडरांनी शेजाऱ्याचा विचार मनातून बाजूला सारला. पण स्वभाव एका पपईने जात नाही. हा तिला खायला घालतो ते ठीक, पण कशासाठी? रंगीत चष्म्याला चोच दिली, आता पिल्लू जगवून पिल्लूही देणार असेल तर? जिवंत पिल्लाला तर आणखी गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी उजाडतानाच ते निघाले, आणि लपणात न बसता त्याच्या मागच्या झुडपात बसले.

सहा वाजून गेल्यावर छर्रा आला. बंदी असताना आला होता, पण लपतछपत नाही, कामाला निघालेल्या माणसासारखा. खांद्यावर तो लांब बांबू, कमरेला टोपली. ढोलीसमोर जे दुसरं झाड होतं त्यावर तो चढला. पन्नाशीचा माणूस, गुडघ्यातून कटकट आवाज येत होता तो खालीही ऐकू येत होता. फांदीच्या बेचक्यात बसून त्याने बांबू वर ओढला, चिरलेल्या टोकात एक उंबर बसवलं आणि टोक सावकाश फटीपाशी नेलं. चोच झटक्यात बाहेर आली. उंबर गेलं. त्याने बांबू मागे घेतला, दुसरं बसवलं. पाच-सहा उंबरांनंतर पपईचा तुकडा. मग एक सरडा. प्रत्येक वेळी तो ओठ हलवत होता. कंपाउंडरांना वाटलं मंत्रबिंत्र म्हणतोय. मग कळलं, मोजतोय. तक्त्यासाठी.

एकतीस फळं झाली. तो खाली उतरला तेव्हा कंपाउंडर झुडपातून बाहेर आले. छर्र्याने दचकल्यासारखं केलं नाही. टोपली खाली ठेवून तो खोडाला टेकून बसला.

‘नर कुठाय?’ कंपाउंडरांनी विचारलं.

‘पुरला,’ तो म्हणाला. ‘ओढ्याच्या वर. तांबड्या मातीत.’

मग त्याने सगळं सांगितलं. बारा तारखेला सकाळी नर आला नाही म्हणून तो शोधायला गेला. ओढ्याकाठच्या उंबराच्या झाडावर नर लटकत होता. पाठीवरच्या यंत्राचा पट्टा एका वाळक्या खुंटाला अडकला होता आणि सुटायची धडपड करताना पीळ पडून मानेशी आवळला होता. त्याने काढला तेव्हा अंग गार होतं. यंत्र चालूच होतं. ते त्याने दगडाने फोडलं. बाई आवाजाचा माग काढत तिथे आली असती म्हणून. मादीने बांबूच्या टोकाचं पहिलं फळ घ्यायला दीड दिवस लावला. तोवर त्याने काही खाल्लं नव्हतं.

‘पट्टा बाईंनी स्वतः शिवला होता, भाऊजी,’ तो म्हणाला. ‘मी पक्षी धरला होता. बांधून झाल्यावर तो उडाला तेव्हा त्या लहान मुलीसारख्या हसल्या होत्या. माझ्याकडून नाही सांगवलं.’

‘आणि लोक तुला चोर म्हणाले ते चाललं?’

‘मला म्हणायचे ते आधीपासूनच म्हणतात.’

कंपाउंडर त्याच्या शेजारी बसले.  भोळेपणाला काय औषध द्यायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि तरी त्यांचं डोकं सवयीप्रमाणे पुढे चाललंच होतं. यंत्रं तीन होती. एक फुटलं. उरली दोन.

‘दोन नंबरच्या आणि नऊ नंबरच्या नरांनाही तसलेच पट्टे आहेत,’ ते म्हणाले.

छर्र्याने त्यांच्याकडे पाहिलं. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं, ते त्याच्या तोंडावर उमटलं.

कंपाउंडरांनी त्याला एक जुनी गोष्ट सांगितली. एकदा खोकल्याच्या औषधाची एक बाटली बिघडलेली निघाली होती. मूल वांत्यांनी बेजार झालं. कंपनीचा माणूस गयावया करत होता की एकच बाटली आहे, गाजावाजा नको. तेव्हाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्या खोक्यातल्या सगळ्या बाटल्या खाली उतरवायला लावल्या आणि त्याच दिवशी बाकीच्या दवाखान्यांना कळवलं. त्यांत आणखी चार निघाल्या. ‘ती पोर रडेल,’ कंपाउंडर म्हणाले, ‘पण आज रडेल. दोन नंबरचा नर उद्या लटकला तर तिला आयुष्यभर पुरेल.’

तासाभराने दोघं पक्षीडॉक्टरच्या दारात उभे होते. सांगितलं कंपाउंडरांनीच. छर्रा पायरीवर उभा राहून चपलेचा अंगठा पाहत होता. बाईने सगळं ऐकून घेतलं. संपल्यावर ती म्हणाली, मला जागा दाखवा.

ओढ्याच्या वर छर्र्याने माती उकरली. सदऱ्यात गुंडाळलेला नर निघाला. चोच शाबूत होती. कंपाउंडरांनी ती नीट पाहून घेतली, आणि आपण अजूनही पाहून घेतोय याची त्यांना लाज वाटली. बाईने गुडघ्यांवर बसून पट्टा हातात घेतला, ताणून पाहिला, शिवण कुठे ढिली पडली त्यावर बोट फिरवलं. रडली ती तिथेच, आवाज न करता. मग नाक पुसून तिने पट्टा पिशवीत घातला, पिशवीवर तारीख लिहिली आणि छर्र्याला म्हणाली, ‘तुम्ही मला तेवीस दिवस उशिरा सांगितलंत, मामा.’ रागावून म्हणाली की मायेने ते कंपाउंडरांना ओळखता आलं नाही. छर्र्याला आलं असावं, कारण त्याने फक्त मान हलवली.

पुढचे दिवस धावपळीचे गेले. दोन नंबरचा नर जाळ्यात धरायला आठ दिवस लागले. त्याचा पट्टा चांगला होता. नऊ नंबरचा पंधराव्या दिवशी सापडला. त्याच्या पाठीवर पट्टा इतका सैल झाला होता की एक काटकी आत शिरून बसली होती. बाईने ती काटकीही जपून ठेवली. जिथे जिथे तसले पट्टे वापरले जात होते तिथे तिने आपली चूक लिहून कळवली, फोटोंसकट. दोन ठिकाणांहून उत्तर आलं की आमचेही पट्टे काढतोय.

चार नंबरच्या तक्त्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. नराची नोंद म्हणून ते खोटे होते. बाईने त्या बावीस दिवसांवर तिरकी रेघ मारली, पण कागद फेकले नाहीत. नवा तक्ता आखून दिला, त्यात ‘नर’ या रकान्याच्या जागी ‘कोणी भरवलं’ असं लिहिलं. छर्रा सकाळी, कंपाउंडर संध्याकाळी. कंपाउंडरांना झाडावर चढवेना, म्हणून त्यांच्यासाठी शिडी बांधली. पहिल्या संध्याकाळी मादीने त्यांच्या हातचं उंबर अर्धा तास घेतलंच नाही. फटीतून एक डोळा त्यांना खालून वर न्याहाळत राहिला. ‘बरोबर आहे तिचं,’ ते खाली उतरून बायकोला म्हणाले. ती त्या दिवशी पपई घेऊन स्वतः आली होती आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत कंपाउंडर उभे राहिले आणि मागच्या बैठकीत वाचलेल्या तारखा पुन्हा वाचल्या. या वेळी प्रत्येकीपुढे काय घडलं तेही वाचलं. आपण चुकलो, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. बाकांवर हालचाल झाली, दोघा-तिघांनी छर्र्याच्या पाठीवर हात ठेवला. पण दारातून करवत्याचा आवाज आला, की शेवटी मेहुणाच तो, सांभाळून घेतलं म्हणायचं. काही जण हसले. कंपाउंडर म्हणाले की पट्टा आहे, पक्षी आहे, चोच शाबूत आहे, बाईंनी पाहिलंय. करवत्या म्हणाला, बाईंचंही त्यात आलंच की. यावर कंपाउंडरांकडे कागद उरला नव्हता. जाताना दुकानातही दोघं बोलता बोलता थांबले ते त्यांना पाहूनच थांबले असं वाटलं. मग वाटलं, कदाचित नसतीलही थांबले. हे एक नवीनच दुखणं होतं.

मादीने भिंत फोडली ती एका ढगाळ सकाळी. दोघंही लपणात होते. आधी लिंपणाचा तुकडा पडला, मग मोठा, मग ती खांदा बाहेर काढून तशीच अडकल्यासारखी राहिली आणि एकदम फांदीवर येऊन बसली. शेपटीची पिसं आत राहून वाकडी झाली होती. ती खूप वेळ नुसती पंख ताणत राहिली. कंपाउंडरांनी वेळ लिहिली. नऊ वाजून चाळीस.

‘तुम्ही मला आधीच नीट विचारलं असतंत तर, भाऊजी?’ छर्रा हळू म्हणाला.

‘तू खरं सांगितलं असतंस?’

छर्र्याने विचार केला. ‘नाही,’ तो म्हणाला.

पिल्लाने आतून भिंत पुन्हा लिंपून घेतली. आता आईच त्याला भरवू लागली आणि बांबूचं काम संपलं. पिल्लू त्यानंतर बरोबर तेरा दिवसांनी गेलं, आणि नेमकं जाताना ते कुणी पाहिलं नाही. संध्याकाळी होतं, सकाळी ढोली उघडी होती. दुपारपर्यंत वखारीत बोलणं सुरू झालं की बघा, म्हटलं नव्हतं? पिल्लू गेलं कुठे? बाई शहरात गेली होती. छर्रा ओढ्याच्या बाजूला निघून गेला. तक्त्यावर पिल्लू बाहेर पडल्याची वेळ भरायची होती. एखादी पटेलशी वेळ टाकून दिली असती तर तोंडं बंद झाली असती. कंपाउंडरांनी लिहिलं, ‘पाहिलं नाही’, आणि खाली सही केली.

तीन दिवस ते खोलीत बसून राहिले. चौथ्या दिवशी सकाळी छर्रा आला आणि म्हणाला, चला. ओढ्यापलीकडच्या उंबरावर वाकड्या शेपटीची मादी होती. तिच्या शेजारी, फांदीवर नीट तोल सांभाळता येत नसलेलं, तिच्याएवढंच मोठं पिल्लू चोच उघडून ओरडत होतं. मादीने त्याला एकामागून एक उंबरं भरवली. कंपाउंडरांनी दुर्बीण बायकोच्या हातात दिली. ती मागोमाग आलीच होती. मग खिशातून कागद काढून त्यांनी वेळ, जागा आणि तिघांची नावं लिहिली. छर्रा म्हणाला की करवत्यालाही बोलावून दाखवावं का? कंपाउंडर म्हणाले, बोलाव. तोवर आपण मोजत बसू.